अपघाताविना दिवस पाचशे

"एवढ्यानं काय होतंय!"

हे मास्तरांचं वाक्य. छताला गळती लागली, एवढ्यानं काय होतंय. चपलेचा अंगठा तुटला, एवढ्यानं काय होतंय. सायकलचा ब्रेक लागत नाही असं बायकोनं बजावलं, तर हा माणूस दोन महिने पाय घासत सायकल थांबवत कामावर गेला. चपलेचा तळ झिजून कागदासारखा झाला, वाक्य मात्र झिजलं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांची शाळा सातवीतच सुटली होती. ते प्लायवूडच्या कारखान्यात गोंदाच्या मशीनवर काम करत. पण हात असा वळणदार, की त्यांनी साधा आठाचा आकडा काढला तरी माणूस घटकाभर थांबून बघे. त्या अक्षरापायी कारखान्यानं त्यांना मास्तर केलं, आणि मग ओघानंच त्यांच्या बायकोला आम्ही शेजारी मास्तरीणबाई म्हणू लागलो. ती बिचारी तिसरीपर्यंत शिकलेली. पण जीभ अशी, की पदवीधर माणूसही समोर उभा राहून चाचरावा.

कारखान्याच्या फाटकातून आत गेलं, की पहारेकऱ्याच्या खोलीला लागून एक काळा फळा होता. वर पांढऱ्या रंगात कायमचं लिहिलेलं : 'अपघाताविना दिवस'. त्याखाली खडूनं रोजचा आकडा. भोंगा होण्याआधी मास्तर यायचे, कालचा आकडा पुसायचे, आजचा लिहायचे, दोन पावलं मागं सरकून बघायचे आणि मगच कामाला जायचे. देवळात जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर जे असतं, ते तेव्हा त्यांच्या तोंडावर असायचं.

हा आकडा तीनशे पासष्टवर गेला की प्रत्येक कामगाराला भिंतीवरचं घड्याळ, असं मॅनेजरनं जाहीर केलं होतं. ज्याच्या मनगटावर घड्याळ, खिशात फोन, तोही त्या घड्याळासाठी झुरायला लागला. फुकटच्या वस्तूचं असंच असतं. त्यामुळे झालं काय, की कुणाच्या बोटाला चीर गेली तर तो बोट मुठीत दाबून घरी जाई. पायावर फळी पडली तर लंगडत जाई आणि विचारलं तर सांगे, मुंग्या आल्यात. नोंदवहीत काही जायचं नाही. आकडा मोडला तर पंचवीस घरांची घड्याळं मोडली, हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं.

गोंदाच्या मशीनला दोन जाड रोलर असतात, एकावर एक. मध्ये गोंद. लाकडाचे पातळ तक्ते एका बाजूनं घालायचे, दुसऱ्या बाजूनं गोंद लागून बाहेर येतात. पाळी संपली की रोलर पुसायचे. नियम असा, की मशीन बंद करून पुसावं. पण मशीन थांबलं की गोंद धरतो, मग तासभर खरवडत बसा. म्हणून चालू रोलरवरच ओलं फडकं धरायची रीत पडली होती. मास्तर एकवीस वर्षं तसंच पुसत होते. तीनशे एकसष्टाव्या दिवशी फडक्याचं टोक रोलरनं धरलं. फडक्यामागून उजवा हात गेला. मनगटापर्यंत.

मुकादम चार हातांवर उभा होता. त्यानं लाल बटण दाबलं, रोलर उलटे फिरवले, हात बाहेर काढला. हा मुकादम म्हणजे मास्तरांचा जुना दोस्त. दोघं एकाच महिन्यात कामाला लागलेले. दवाखान्यात नेताना गाडीत मास्तरांचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं. अशा वेळी माणूस आईला हाक मारतो, पाणी मागतो. मास्तर काय म्हणाले?

"वहीत लिहू नका रे. चारच दिवस राहिलेत. घरी झालं म्हणून सांगा. एवढ्यानं काय होतंय!"

आणि त्यांनी तसंच सांगितलं. दवाखान्यात फॉर्मवर लिहिलं गेलं : घरी दारात हात सापडला. डॉक्टरांनी हात बघितला आणि विचारलं, "घराला दार आहे का किल्ल्याचा दरवाजा?" सिस्टर हात धुवायला बसली. गोंद वाळून कातडीला बसला होता. तो एकेक पापुद्रा सोलताना ती म्हणाली, "काका, तुम्ही दाराला गोंद लावता का?" मास्तर डोळे मिटून पडून राहिले. सिस्टर पुढं काही बोलली नाही. पण ती लिहिणारी बाई होती.

चार दिवसांनी कारखान्यात घड्याळं वाटली. मास्तरांचं घड्याळ मुकादमानं घरी आणून दिलं, स्वतःच्या हातानं खिळा ठोकून भिंतीवर लावलं. ते घड्याळ रोज सात मिनिटं मागं पडे. मास्तरीणबाई रोज सकाळी स्टुलावर चढून काटा पुढं करत आणि खाली उतरताना म्हणत, "हात गेला आणि हे आलं. तेही वेळेवर नाही."

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यापासूनच मास्तरांनी एक नवं सुरू केलं. सकाळी उठायचं, डाव्या हातात खडू घ्यायचा आणि दाराच्या मागच्या बाजूला एक आकडा लिहायचा. कालचा पुसायचा, आजचा लिहायचा. डाव्या हाताचा आकडा म्हणजे पावसात भिजलेलं कोकरू. उभाच राहत नसे. बायकोनं विचारलं, "हे कसलं?" तर म्हणाले, "सवय राहावी म्हणून." तिला वाटलं, बसू दे, निदान गप्प तरी बसतील.

अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हाताच्या आतल्या दोऱ्या एकमेकींना चिकटल्यात. त्या सोडवायला आणखी एक ऑपरेशन हवं, मोठ्या दवाखान्यात, आणि तेही अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. त्यानंतर बोटं अशीच आकडी होऊन राहतील. मग घास नाही, शर्टाचं बटण नाही, खडू तर नाहीच. मोठ्या दवाखान्याचा खर्च या घराच्या बापजन्मी झेपणारा नव्हता.

मास्तर मॅनेजरकडे गेले. मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा मागवला, पंखा त्यांच्याकडे वळवला. "आपण घरचीच माणसं मास्तर," तो म्हणाला. "पण फॉर्मवर तुम्हीच लिहायला सांगितलंय ना, घरी झालं म्हणून. आता मी वर काय सांगू? माझे हात बांधलेले आहेत."

घरी येऊन मास्तरांनी हे जसंच्या तसं सांगितलं. मास्तरीणबाई भांडी घासत होत्या. हातातलं पातेलं त्यांनी असं आपटलं, की आम्ही शेजारी भिंतीपलीकडे दचकलो.

"त्यांचे बांधलेत होय! सोडून घ्या म्हणावं दुसऱ्या हातानं. आपल्याकडे तीही सोय नाही. आता वकील करायचा."

"वकील कशाला?"

"मग काय सुतार आणू? दारात हात सापडला म्हणताय ना!"

इथून त्या घरात जो वैताग सुरू झाला, तो सांगता सोय नाही. सकाळी वकील, दुपारी वकील. ती भाजी चिरताना वकील म्हणे, तो डाव्या हातानं घास तोंडाशी नेताना नाही म्हणे आणि घास ताटात पडे. आम्ही मध्ये पडून पाहिलं. मास्तरांना विचारलं, "अहो, अडचण काय आहे?" तर एकेक कारण निघू लागलं. वकील केला की कारखान्याचं दार बंद. वकील केला की लोक म्हणणार, बघा, एकवीस वर्षांचं मीठ विसरला. ही वरवरची कारणं. आतलं कारण एकदा दाढी करून घेताना बाहेर पडलं. दाढी मास्तरीणबाईच करायच्या. वस्तरा गळ्याशी असताना माणूस खरं बोलतो.

"त्या दिवसाची नोंदवही मुकादमानं भरलीय," ते म्हणाले. "'आज काही घडलं नाही' म्हणून खाली त्याची सही आहे. मी तोंड उघडलं तर पहिल्यांदा तो जाईल. माझ्या सांगण्यावरून त्यानं केलं आणि मीच त्याला घालवू?"

मास्तरीणबाईंचा हात थांबला. मग त्यांनी उरलेला गाल हलकेच खरवडला आणि म्हणाल्या, "दोस्ताची नोकरी वाचवा. बायकोनं तुमची दाढी करत म्हातारी व्हावं."

शेवटी त्याच त्यांना ओढत घेऊन गेल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक जिना, वर वकीलबाईंची खोली. दोन खुर्च्या, एक टेबल, कपाटावर दोरीनं बांधलेले कागद. खालून पंपाचा फुस्स फुस्स आवाज येत होता. वकीलबाई तरुण नव्हत्या, म्हाताऱ्याही नव्हत्या. दिवसभर लोकांच्या अर्धवट गोष्टी ऐकून त्यांच्या कपाळाला एक कायमची आठी पडली होती.

"बोला काका. कसं झालं?"

मास्तर ताठ बसले. घसा खाकरला. आणि म्हणाले, "घरी. दारात हात सापडला."

मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारला. तो आवाज खाली पंक्चर काढणाऱ्यालाही ऐकू गेला असेल.

"अहो, इथं कशाला आलोय आपण?"

"चार महिने तेच सांगतोय. तोंडात बसलंय," मास्तर ओशाळून म्हणाले.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, दारावर मला दावा लावता येत नाही. दाराचे मालक तुम्हीच आहात. ते कागद द्या इकडे."

त्यांनी दवाखान्याचा केसपेपर वाचायला घेतला. वाचता वाचता एका ओळीवर बोट थांबलं. "हे कुणी वाचलं नाही का? सिस्टरनं लिहिलंय : पंजावर व मनगटावर घट्ट वाळलेला लाकडाचा गोंद, सोलून काढला." त्यांनी वर पाहिलं. "दाराची गोष्ट तुमची. गोंदाची गोष्ट तिची. तिच्यावर मला काहीतरी उभं करता येईल. पण एक माणूस लागेल, ज्यानं हात रोलरमधून निघताना पाहिला. आणि त्याच्याआधी तुम्ही लागाल. आधी खोटं सांगितलं होतं, हे तुम्हाला तुमच्या तोंडानं सांगावं लागेल."

"म्हणजे मी कागदावर खोटारडा म्हणून येणार."

"आता कागदावर कोण आहात?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "स्वतःच्या दारात हात घालून बसलेला वेंधळा!"

वकीलबाईंच्या कपाळाची आठी क्षणभर सैल झाली. मग त्या उठल्या. "घरी जा, ठरवा. येत्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मी वाट बघेन. वेळ जातोय तो तुमच्या बोटांचा जातोय, माझ्या नाही. दोघं भांडत मात्र परत येऊ नका, खाली गिऱ्हाइकं असतात."

बुधवारी मुकादम घरी आला. बऱ्याच दिवसांनी आला होता. बसला, चहा घेतला, घड्याळाकडे बघितलं, नजर काढून घेतली.

"शुक्रवारी पाचशे होताहेत," तो म्हणाला. "मालक येणार आहेत. सगळ्यांना प्रेशर कुकर मिळणार. मॅनेजर म्हणाले, फळ्यावर पाचशे मास्तरांनीच लिहावं. डाव्या हातानं का होईना. त्यांचाच मान आहे. आणि मग फाटकावर बसायची जागा बघू म्हणालेत."

"भाऊजी," मास्तरीणबाई म्हणाल्या, "फाटक कशानं उघडतात? दातानं?"

मुकादमानं कप खाली ठेवला.

"सरळ विचारते. हात तुम्ही काढलात. सांगाल का वकिलासमोर?"

"वहिनी, यानंच तर सांगितलं, लिहू नका म्हणून. सगळ्यांनी ऐकलंय."

"आणि तुम्ही लगेच ऐकलंत! एकवीस वर्षांत यांचं एक तरी म्हणणं ऐकलं होतंत का? नेमकं हेच बरं कानात शिरलं!"

"राहू दे गं," मास्तर म्हणाले. "त्याच्या घरी चार तोंडं आहेत."

"आणि इथं काय चिमण्या राहतात?"

मुकादम उठला. चपला घालताना त्याला पट्टा सापडेना. मास्तरांनी डाव्या हातानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "येतो मी शुक्रवारी. लिहितो पाचशे. एवढ्यानं काय होतंय." हे वाक्य आम्ही हजारदा ऐकलं असेल. त्या दिवशी ते ऐकून मास्तरीणबाई काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा त्या घराची काळजी वाटली.

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी दारामागचा आकडा लिहिला. मास्तरीणबाईंनी शर्टाला इस्त्री केली, बटणं लावून दिली. वरचं बटण जरा जास्तच ओढून लावलं. "मी फाटकाबाहेर उभी राहणार," त्या म्हणाल्या. "आत येऊन टाळ्या पिटणं मला जमायचं नाही. बारापर्यंत थांबेन. नंतर मी एकटीच घरी जाईन, आणि त्या बाईंना कधीच तोंड दाखवणार नाही."

मालकांची गाडी यायला वेळ होता. मास्तर सवयीनं आत गेले, आपल्या मशीनपाशी. कारखान्याचा तो ओल्या लाकडाचा, आंबूस गोंदाचा वास नाकात शिरला आणि त्यांचे पाय आपोआप जुन्या जागी थांबले. मशीनवर मुकादमाचा धाकटा भाऊ होता. गेल्याच वर्षी लग्न झालेला, हसऱ्या तोंडाचा. समारंभाआधी मशीन चकचकीत करायचं म्हणून रोलर पुसत होता. रोलर चालू होते. ओलं फडकं, वर उजवा हात.

मास्तरांनी त्याला हटकलं.

"अरे, बंद करून पूस."

"बंद केलं की गोंद धरतो मास्तर. तुम्हीही असंच पुसायचात म्हणे."

"माझं काय झालं ते माहीत आहे ना?"

धाकटा हसला. "ते घरी झालं म्हणे ना तुमचं? दारात." आणि मग आवाज चढवून, मशीनच्या घरघराटावरून तो म्हणाला, "इथं पाचशे दिवसांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फळ्यावर लिहिलंय की! एवढ्यानं काय होतंय, मास्तर!"

तो अपघातानंतर दोन महिन्यांनी कामाला लागला होता. त्याच्या सख्ख्या भावानंही त्याला खरं सांगितलं नव्हतं.

मास्तर पुढं झाले आणि त्यांनी डाव्या हाताच्या तळव्यानं लाल बटण दाबलं. रोलर थांबले. "अहो, अहो," धाकटा ओरडला, "आता खरवडत बसावं लागेल!"

"खरवड," मास्तर म्हणाले. "तासभर लागतो. बोटं राहतात."

तेवढ्यात बोलावणं आलं. फळ्यापाशी सगळे जमले होते. कुकरची खोकी रचून ठेवलेली. मालक, मॅनेजर, फोटोवाला. मुकादम डस्टर घेऊन फळ्याजवळ उभा. त्यानं कालचा चारशे नव्याण्णव पुसला. मॅनेजरनं नवा कोरा खडू मास्तरांच्या डाव्या हातात दिला. फाटकाच्या गजांपलीकडे, रस्त्याच्या कडेला, पिशवी छातीशी धरून मास्तरीणबाई उभ्या होत्या.

मास्तरांनी लिहायला सुरुवात केली. डावा हात, म्हणून सावकाश. पहिला आकडा एक. मॅनेजर टाळी वाजवायला निघाला होता, त्याचे हात वरच राहिले. दुसरा आकडा तीन. तिसरा, जरा कलंडलेला, नऊ.

अपघाताविना दिवस, १३९.

"मास्तर," मॅनेजर हसत हसत म्हणाला, "गडबड झाली. पाचशे लिहायचं."

"गडबड नाही साहेब. तीनशे एकसष्टाव्या दिवशी माझा हात त्या रोलरमध्ये गेला. त्याला आज इतके झाले. मी रोज मोजतोय." आवाज चढवलेला नव्हता. "घरी झालं असं मीच सांगितलं. खोटं सांगितलं. घड्याळासाठी. सगळ्यांसमोर सांगतो, कारण थोड्या वेळानं वकीलबाईंना सांगायचंय, तर तोंडाला सवय हवी."

कुकरच्या खोक्यांकडे दोघातिघांनी चोरून बघितलं. मॅनेजरच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण त्यात आता कुणी राहत नव्हतं.

"मुकादम," तो म्हणाला, "पूस ते."

मुकादमानं डस्टर उचललं. फळ्याकडे पाहिलं. मग मागं पाहिलं. मागच्या रांगेत त्याचा धाकटा भाऊ उभा होता, ओलं फडकं खांद्यावर. तो फळा वाचत होता आणि वाचता वाचता स्वतःचा उजवा हात डाव्या हातानं धरत होता. धरतोय हे त्याचं त्याला माहीत नव्हतं.

"मुकादम, ऐकू येतंय ना?"

मुकादमानं डस्टर पँटच्या खिशात घातलं. काळ्या पँटवर पांढरी पट्टी उमटली.

मास्तरांनी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. फाटकाशी पहारेकरी होता, त्यानं एरवी माणसापुरतं उघडायचं फाटक पूर्ण उघडून धरलं. मास्तर बाहेर पडले. मास्तरीणबाईंनी मास्तरांच्या शर्टाचं वरचं बटण तेवढं सोडवून सैल केलं. "पावणेबारा झालेत," त्या म्हणाल्या. "चला, पाय उचला." आणि दोघं भांडत नाही, तर चक्क गप्प, सायकलच्या दुकानाच्या दिशेनं निघाले. मास्तरांचा आकडी झालेला उजवा हात पोटाशी होता, डावा खडूनं पांढरा झालेला.

कोपऱ्यावर वळेपर्यंत सगळे बघत होते. मालक बघत होते, कुकरवाले बघत होते, पहारेकरी फाटक धरून बघत होता. ते वळल्यावरही, खिशातल्या डस्टरवर हात ठेवून, मुकादम बघत होता. मग त्यानं भावाला तिथंच सोडलं आणि फाटकाकडे चालू लागला.